काळा कुडा, बावची आणि सोरायसिसचे औषध

आषाढात टाकळ्याची कोवळी पाने भाजीसाठी खुडतात आणि दिवाळीच्या सुमारास त्याच झुडपांच्या शेंगा वाळतात. डहाणू आणि तलासरीच्या गावांत रस्त्याच्या कडेला, वाड्यांच्या कुंपणाशी, पडीक शेतात टाकळा इतका माजतो की त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. त्याचे बी लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लावायचे, हा उपाय मात्र घरोघरी ठाऊक आहे. या बियांत क्रायसोफॅनॉल नावाचे पिवळसर द्रव्य असते. त्याच्याच घराण्यातले एक द्रव्य दीडशे वर्षांपूर्वी गोवा आणि मुंबईच्या बाजारातून लंडनला पोहोचले आणि सोरायसिसच्या उपचारातले पहिले भरवशाचे मलम त्यातून तयार झाले. ही हकिकत पुढे सविस्तर येईल. ती सांगण्याचे कारण एवढेच की, अंगावर खवले धरलेला माणूस या भागात औषध शोधू लागला की त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘झाडपाला की डॉक्टर?’ असा. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. औषध कोणते, त्याची मात्रा किती, ते किती दिवस घ्यायचे आणि त्याचा अपाय होतो आहे का हे कोण बघणार, हे विचारायला हवे.

आधी आजाराविषयी. आपल्या कातडीच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारण महिन्याभराने नकळत झडून जातात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. महिन्याने लावणीला यायची रोपे चौथ्याच दिवशी उपटून बांधावर रचत जावीत, तशा अर्धवट वाढलेल्या पेशींच्या थरांवर थर साचतात. कोपर, गुडघे, कंबर आणि डोके या जागा नेहमीच्या. चट्टा जाड असतो, कडा स्पष्ट असते, वर चंदेरी खवले असतात. खवला खरवडला तर खाली रक्ताचे बारीक बारीक ठिपके दिसतात. गोऱ्या कातडीवर चट्टा लालभडक दिसतो, असे पुस्तकात लिहिलेले असते. आपल्याकडच्या सावळ्या अंगावर तो जांभळट, करडा किंवा गडद तपकिरी दिसतो आणि बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने डाग ठेवून जातो. अनेकांच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे पडतात.

हे सारे घडवते ती शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी विनाकारण चिथावल्या जातात आणि कातडीला वाढीचे आदेश देत राहतात. त्यांचे निरोप पोहोचवणाऱ्या रेणूंना इंटरल्यूकिन-17, इंटरल्यूकिन-23 आणि टीएनएफ-अल्फा अशी नावे आहेत. कल घराण्यातून येतो, पण आईवडिलांना असला म्हणजे मुलाला होईलच असे नाही. घशाचा संसर्ग, मनावरचा ताण, दारू, तंबाखू आणि कातडीला झालेली इजा यांनी तो भडकतो. इजेचा मुद्दा कष्टकऱ्याने विशेष ध्यानात घ्यावा. जिथे कातडी घासते, खरचटते किंवा भाजते तिथे नवा चट्टा उठू शकतो. जर्मन वैद्य हाइनरिश क्योबनर याने 1870 च्या दशकात हे नोंदवले. वीटभट्टीवर, मासेमारीच्या दोरखंडाला आणि विळ्याच्या मुठीला घासणाऱ्या हातांचे चट्टे का हटत नाहीत, याचे उत्तर बऱ्याचदा इथे सापडते.

सोरायसिस लागट नाही. एका ताटात जेवल्याने, एका पाणवठ्यावर अंघोळ केल्याने, अंगाला अंग लागल्याने तो पसरत नाही. तरी गावात माणूस वेगळा पडतो, कारण बघणाऱ्याला तो महारोग वाटतो. युरोपातही शतकानुशतके हीच गल्लत होत होती. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा याने 1841 मध्ये दोन्ही आजार नीट वेगळे केले. पालघर जिल्ह्यात कुष्ठरोगाचे रुग्ण आजही सापडतात, त्यामुळे आशाताई चट्टा बघून तपासणीला चला म्हणाली तर राग धरू नये, जावे. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, टोचलेले कळत नाही. सोरायसिसच्या चट्ट्याला स्पर्श कळतो आणि खाजही असते. कुष्ठरोग निघालाच तर त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. सोरायसिसचे तसे नाही. तो आटोक्यात येतो, काही जणांत वर्षानुवर्षे दबून राहतो, पण मुळासकट उपटून काढणारे औषध जगात कुठेही नाही. मुंबई–अहमदाबाद महामार्गावरच्या भिंतींवर ‘जड से खतम’ अशी जाहिरात दिसली तर तिथे पैसे देऊ नयेत, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगेन.

आता ती हकिकत. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात अरारोबा नावाचा वृक्ष आहे. त्याच्या खोडातल्या पोकळ्यांत पिवळी भुकटी साचते. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्यात आली आणि ‘गोवा पावडर’ या नावाने गोव्यात आणि मुंबईत गजकर्णावर विकली जाऊ लागली. भुकटी कुठून येते हे विकणारे गुपित ठेवत. लंडनमधले त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांनी 1876 मध्ये तिचा उपयोग सोरायसिसवर जाहीर केला. गजकर्ण समजून भुकटी लावलेल्या माणसाचे चट्टे विरले होते आणि ते चट्टे गजकर्णाचे नव्हतेच. रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातले क्रियाशील द्रव्य वेगळे केले, ते क्रायसारोबिन. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेना, तेव्हा 1916 मध्ये तिथे त्याचाच कृत्रिम भाऊबंद वापरात आला, तो डायथ्रॅनॉल. पुढे इंग्लंडात डांबराचे स्नान, अतिनील किरण आणि डायथ्रॅनॉलचा लेप असा उपचार कित्येक दशके चालला. डायथ्रॅनॉल आजही मिळते. ते कपडे आणि कातडी जांभळट तपकिरी करते, निरोगी कातडीला भाजते, म्हणून अगदी सौम्य मात्रेपासून सुरुवात करून, फक्त चट्ट्यावर, दहा ते तीस मिनिटे लावून धुऊन टाकायचे असते. गोव्याच्या बाजारातली भुकटी आणि हे मलम यांत द्रव्याचा फरक फारसा नाही. फरक आहे तो मात्रेचा आणि मिनिटांचा.

बावचीची गोष्ट आपल्याला आणखी जवळची. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे ते काळे, चपटे, उग्र वासाचे बी पांढऱ्या डागांवर पूर्वापार लावले जाते. लेप लावून उन्हात बसा, असे आपले वैद्य सांगत आले. 1933 मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीतून सोरालेन हे द्रव्य वेगळे केले. सोरालेन पेशीच्या गाभ्यात शिरून बसते आणि त्यावर अतिनील-ए किरण पडले की पेशीची वाढ रोखते. इजिप्तमध्ये अशाच एका रानवनस्पतीवर 1940 च्या दशकात काम झाले आणि 1974 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सोरालेनची गोळी देऊन दिव्याखाली उभे करण्याची पद्धत सोरायसिससाठी प्रसिद्ध केली. तिलाच ‘पुवा’ म्हणतात. वैद्याने सांगितलेले ऊन आणि दवाखान्यातला दिवा यांमागचे तत्त्व एकच आहे. म्हणूनच घरी बावचीचे तेल चोपडून दुपारी ओट्यावर बसू नये. किरण किती मिळाले याचे माप नसते, आणि दुसऱ्या दिवशी पाठभर फोड येतात. भाजलेल्या जागी सोरायसिस नव्याने उठतो, हे वर आलेच आहे. बावचीचे चूर्ण पोटात घेऊन यकृताला सूज आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

आणि आपल्या जंगलातला काळा कुडा. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर आहे, त्यामुळे या बाजूचे थोडेफार रान टिकले. त्या रानात दोन कुडे भेटतात. पांढरा कुडा हगवणीवर देतात, त्याचे बी कडू. काळ्या कुड्याची फुले पांढरी, सुवासिक, शेंगा जोडीने लोंबणाऱ्या आणि बी गोडसर. तामिळनाडूच्या सिद्ध वैद्यांनी याच काळ्या कुड्याच्या पानांचे तेल सोरायसिससाठी प्रसिद्ध केले. कृती साधी आहे. ताजी पाने खोबरेल तेलात बुडवायची आणि भांडे काही दिवस उन्हात ठेवायचे. हिरवट तेल हळूहळू गडद जांभळे होत जाते. हा रंग उगाच येत नाही. काळा कुडा नीळ देणारे झाड आहे, पूर्वी त्याच्या पानांपासून कापड रंगवायची नीळ काढत. चिनी वैद्यकातही निळीच्याच वनस्पतींपासून केलेली एक भुकटी आहे, आणि तैवानच्या संशोधकांनी 2008 मध्ये तिच्या मलमाची चाचणी घेतली तेव्हा सोरायसिसचे चट्टे खरोखर उतरले. निळीतली द्रव्ये कातडीच्या पेशींतल्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतात, त्याच ग्राहकावर चालणारे टॅपिनॅरॉफ हे मलम 2022 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.

मग काळ्या कुड्याचे तेल लावावे का? थोड्या जागेवर चट्टे असतील, तेल विश्वासू माणसाने खोबरेलात केले असेल आणि त्यात दुसरे काही घातले नसेल, तर लावायला माझी हरकत नाही. खोबरेल एकटेही खवले मऊ करते, आणि सोरायसिसच्या कातडीला रोज स्निग्धता हवीच असते. अंघोळ कोमट पाण्याने करायची, टॉवेलने टिपायचे आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावायचे, एवढ्याने खाज कमी होते आणि वरून लावायचे औषधही चांगले मुरते. मोहाच्या बियांचे तेल, करंजाचे तेल यांची जागा इथेच, स्निग्ध म्हणून. करंजेलाने काहींची कातडी चुरचुरते, तेव्हा आधी कोपरावर थोडे लावून पाहावे. मात्र बिब्बा अजिबात नको. भेगांवर बिब्बा घालण्याची या भागातली सवय सोरायसिसच्या तळपायावर फार महागात पडते.

आयुर्वेदात चरकाने चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात कुष्ठाचे, म्हणजे एकूणच त्वचारोगांचे, अठरा प्रकार सांगितले. त्यांतल्या एककुष्ठाचे वर्णन घाम नसलेला, मोठी जागा व्यापणारा आणि माशाच्या खवल्यांसारखा असे आहे. आजचे वैद्य सोरायसिसची सांगड बहुधा त्याच्याशी घालतात. वमन, विरेचन, तक्रधारा, तिक्त घृत हे त्यांचे मुख्य उपाय. शिकलेल्या वैद्याच्या देखरेखीखाली यातून काहींना आराम पडतो. भीती वाटते ती रसौषधींची. पारा, सोमल, शिसे यांची भस्मे महिनोन्‌महिने पोटात गेली तर मूत्रपिंड आणि मज्जातंतू बिघडतात. 2008 मध्ये अमेरिकेत एक पाहणी झाली, तिच्यात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात यांपैकी काही ना काही सापडले. पाश्चात्त्य वैद्यकही यातून सुटलेले नाही. 1786 पासून प्रचारात आलेले फाउलरचे सोमलाचे द्रावण तिथे सोरायसिसवर शंभराहून अधिक वर्षे दिले गेले आणि कित्येकांना त्यातून कातडीचा कर्करोग झाला. नाव, घटक किंवा बॅच क्रमांक नसलेली पुडी कोणीही दिली तरी घेऊ नये. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड कुटून घातलेले असते. आठ दिवसांत चमत्कार घडतो आणि पुडी थांबली की आजार दुप्पट जोराने, कधी अंगभर पू भरलेल्या फोडांनी, परत येतो. तो रुग्ण रुग्णालयात दाखल करावा लागतो.

मलमातले स्टिरॉइड हा निराळा विषय, कारण डॉक्टरी उपचाराची सुरुवात बहुतेकदा त्यानेच होते, आणि ते योग्यच आहे. क्लोबेटासॉलसारखे कडक मलम कोपरा-गुडघ्यावर दोन ते चार आठवडे लावले तर चट्टे झपाट्याने बसतात. चेहरा, काख, जांघ इथे मात्र सौम्य मलमच चालते. त्यानंतर मात्रा उतरवत कॅल्सिपोट्रिऑल, डांबर किंवा सॅलिसिलिक आम्ल यांच्या आधाराने पुढे जायचे. घात होतो तो औषधाच्या दुकानातून गजकर्णासाठी म्हणून घेतलेल्या मिश्र मलमाने. त्यात स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असते. किनाऱ्याच्या दमट हवेत गजकर्ण घरोघरी असतेच, म्हणून सोरायसिसवरही तेच मलम वर्षभर चोपडले जाते. कातडी कागदासारखी पातळ होते आणि औषध लागू पडेनासे होते. केंद्र सरकारने 2018 मध्ये स्टिरॉइडची 14 मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली ती यासाठीच.

चट्टे अंगभर पसरले, तळहात-तळपाय फाटून काम करता येईना किंवा सांधे दुखू लागले तर मलमाने भागत नाही. किरणोपचार उत्तम आहे. 311 नॅनोमीटरच्या अतिनील-बी दिव्याला गोळी लागत नाही आणि तो गरोदर बाईलाही चालतो. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा, दोन-तीन महिने जावे लागते. तलासरीहून वापी-उंबरगावच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याला किंवा डहाणू रोडहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याला ते रोजंदारी बुडवल्याशिवाय जमत नाही. हा उपचार महाग पडतो तो प्रवासामुळे, दिव्यामुळे नव्हे. तालुक्याच्या रुग्णालयात एक दिवा आणि तो चालवणारी शिकलेली परिचारिका असावी, असे मला मनापासून वाटते. तोवर सकाळचे कोवळे ऊन चट्ट्यांवर दहा-पंधरा मिनिटे घ्यावे, अंगाला कोणताही झाडपाला न लावता.

गोळ्यांत आजही पहिला मान मेथोट्रेक्सेटचा. तिचे मूळ यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या शास्त्रज्ञाच्या चमूने अमेरिकेत 1940 च्या दशकात केलेल्या कामात आहे. तिची बहीण असलेली अमिनोप्टेरिन ही गोळी संधिवातासाठी दिली असता सोरायसिसचे चट्टे उतरले, हे 1951 मध्ये लक्षात आले. गोळी स्वस्त आहे आणि सांध्यांवरही चालते. पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो, आणि अशी चूक करून माणसे दगावली आहेत. ज्याला चिठ्ठी वाचता येत नाही त्याला डॉक्टरांनी गावच्या आठवडी बाजाराचा वार बांधून द्यावा: बाजाराच्या दिवशी रात्री ही गोळी, इतर दिवशी ती डब्यातच. फॉलिक आम्लाची गोळी दुसऱ्या वारी. सुरू करण्याआधी रक्त आणि यकृत तपासायचे, नंतरही ठरावीक काळाने तपासत राहायचे. आदिवासी पाड्यांवर रक्तक्षय आणि सिकलसेल दोन्ही आढळतात, त्यामुळे ही तपासणी इथे टाळून चालणार नाही. ताडी असो की मोहाची, या गोळीबरोबर नको. यकृतावर दोन्ही बाजूंनी मार बसतो. मूल हवे असलेल्या बाईने ही गोळी घ्यायची नाही. असिट्रेटिन ही दुसरी गोळी तर बंद केल्यावरही तीन वर्षे गर्भ राहू देता येत नाही. अप्रेमिलास्टला रक्ततपासण्यांचा व्याप कमी आणि भारतीय कंपन्या ती बनवत असल्याने किंमतही आवाक्यात आली आहे. त्यापुढे इंजेक्शने येतात, टी पेशींना किंवा त्यांच्या निरोपांनाच अडवणारी. त्यांतले इटोलिझुमॅब बंगळूरच्या बायोकॉनने 2013 मध्ये भारतात आणले. अशी इंजेक्शने देण्याआधी क्षयाची तपासणी करावीच लागते, कारण दबलेला क्षय त्यांनी उसळू शकतो.

आणखी एक गोष्ट या जिल्ह्यापुरती महत्त्वाची. हिवतापावर दिले जाणारे क्लोरोक्विन काहींचा सोरायसिस भडकवते. ताप आला तर गोळी नाकारायची नाही, हिवताप त्याहून धोक्याचा. आपल्याला सोरायसिस आहे, एवढे डॉक्टरांना आधी सांगावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही तसेच.

पथ्याच्या नावाखाली वारली घरातून सुकट-बोंबील बंद करायला लावणे मला पटत नाही. दूध आणि मासे एकत्र खाऊ नयेत हे आयुर्वेदाचे म्हणणे पाळायला काही जात नाही, पण अंगावरून रोज खवले झडणाऱ्या माणसाला प्रथिने जास्तच लागतात आणि गरिबाच्या ताटात ती सुक्या मासळीतूनच येतात. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा मात्र खरा फायदा होतो.

भगताकडे जाणाऱ्याला हसू नये. तो तांदळाचे दाणे बघतो, तासभर बसवून ऐकतो, अंगाला हात लावतो. खवले बघून लोक बाजूला सरकतात अशा आजारात या स्पर्शाचे मोल मोठे आहे, आणि ताण उतरला की चट्टेही काहीसे उतरतात. भगताने एवढेच करावे की, सकाळी उठल्यावर बोटे आखडत असतील, एखादे बोट सुजले असेल किंवा अंग सगळे लाल होऊन थंडी वाजत असेल तर माणसाला त्याच दिवशी पुढे पाठवावे. सुमारे तिसऱ्या हिश्श्यापर्यंत रुग्णांत सांधे धरतात आणि एकदा वाकडे झालेले सांधे परत सरळ होत नाहीत. डहाणू आणि कासा इथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे, धुंदलवाडीला वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तलासरीच्या लोकांना सिल्वासाचे विनोबा भावे रुग्णालय जवळ पडते. जाताना वापरत असलेली प्रत्येक बाटली, पुडी, तेल आणि मलमाची रिकामी ट्यूब पिशवीत घालून न्यावी. डॉक्टरांनीही ती टेबलावर मांडून, न रागावता, एकेक करून विचारावी: हे कोणी दिले, कशात कालवले, किती दिवस लावले.